बेलभंडार उचललेला साक्षीदार

हिंगोलीच्या न्यायालयात वार्ताहर म्हणून मी अनेक साक्षीदार फिरलेले पाहिले. बहुतेक घाबरलेले असतात, काही विकले गेलेले. किळस आली ती एकाची. तो या दोन्हींपैकी नव्हता.

सेनगाव तालुक्यातल्या एका गावात बौद्ध वस्तीतली एक मजूर बाई बांधावरून जात होती. एका बड्या शेतकऱ्याने तिची वाट अडवली आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने तिचा हात मोडला. पाहणारा एकच, शेजारच्या शेताचा मालक. त्यानेच तिला मोटारसायकलवर दवाखान्यात नेले, पोलिसांना सगळे सांगितले. खटला त्याच्या साक्षीवर उभा होता.

साक्षीच्या पिंजऱ्यात त्याने देवाची शपथ घेतली. मग बाई रस्त्यात पडलेली दिसली म्हणाला. मारहाण पाहिली नाही. सरकारी वकिलांनी त्याचा पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवला.

"मी असं सांगितलं न्हाई," तो शांतपणे म्हणाला.

दुपारी बाहेरच्या चहाच्या टपरीवर बाईने त्याला गाठले.

"काहून भाऊ? तुमीच तं मला उचलून नेलं."

"वैनी, माझा नाइलाज हाये. पोलिसांत जबाब दिल्यावर गावानं महादेवाच्या देवळात समद्यांसमोर बेलभंडार उचलायला लावला. गावच्या माणसाविरुद्ध बोलणार न्हाई म्हणून. ते मोडलं तं लेकरांना बाधतं."

"मी गावची न्हाई व्हय?"

तो बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिला.

"आन् कोर्टातली शपथ? ती कोणाला बाधते?"

उत्तर त्याच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्याने दिले. "कोर्टाच्या शपथेनं आजवर कुणाचं पोट दुखलं का, बाई?"

टपरीवरचे हसले. साक्षीदारही हसला.

त्याने पैसे घेतले नव्हते, कोणी त्याला धमकावलेही नव्हते. आपण दिलेला शब्द पाळला, याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते. खोटे बोलून आलेला माणूस इतका निवांत चहा पिताना मी त्याआधी पाहिला नव्हता. माझा कप मी तसाच ठेवला.

महिन्याभराने निकाल लागला. तिच्या एकटीच्या साक्षीवर न्यायालय विसंबले नाही. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला.

त्याच संध्याकाळी प्रतिक्रिया घेण्यासाठी मी तिच्या घरी गेलो. आम्ही दारातच बोलत होतो, तेवढ्यात साक्षीदाराची बायको वाटीत खोबरे घेऊन आली.

"त्यांनी पाठवलं. परसाद हाये."

"कशाचा?"

"देवळात नारळ फोडला. बेलभंडार उतरवला आज."

बाईने वाटी घेतली नाही.

"म्हंजे आता बोलता येतं त्यांना?"

"व्हय, पर आता काय बोलायचं? निकाल तं लागला."

"मंग चावडीवर येऊन सांगा म्हणा, काय पाहिलं ते. मी येते ऐकायला."

 साक्षीदाराची बायको वाटीवर पदर ओढून परत गेली. चावडीवर कोणी आले नाही.