गाडी देवाची, धूर पाळकांचा

वेल्सच्या डोंगरातल्या लानगारो गावात सव्वीस वर्षं गाड्यांची वार्षिक तपासणी करणाऱ्या एलुनेद प्रॉसरला सगळं गाव वचकून असायचं. लग्नाच्या वाढदिवशी तिने नवऱ्याचीच गाडी नापास केली होती. मग दोघं हातात हात घालून पायीच जेवायला गेली.

डिझेलचा धूर मोजायचं तिचं यंत्र साधं होतं. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा. मधल्या धुराने जितका उजेड गिळला, तितका आकडा वर. दर तपासणीआधी ती काच पुसायची, दार सताड उघडायची आणि स्वच्छ हवेत यंत्र शून्यावर आणायची. तेवढा वेळ पाइप ओढणाऱ्यांची रवानगी रस्त्यापलीकडे. "कुणाच्या तंबाखूचं पाप कुणाच्या इंजिनाच्या माथी नको," असं ती म्हणे.

एका शुक्रवारी दुपारी पाळक इद्वाल पेन्री चॅपलची मिनीबस घेऊन आले. तपासणीची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि दुसऱ्या दिवशी सोळा गायकांना गाण्याच्या स्पर्धेला न्यायचं होतं. गावात दुसरी बस नव्हती.

मर्यादा होती तीनची. यंत्राने दाखवलं चार पूर्णांक दोन.

"अगं एलुनेद, देवाची गाडी आहे ही."

"गाडी देवाची असेल, पाळकसाहेब, धूर तुमचा आहे. चालवता किती वेगाने?"

"ताशी वीस मैल. अकरा वर्षांत एकदाही जास्त नाही," पाळक अभिमानाने म्हणाले.

एलुनेदने कपाळाला हात लावला. अकरा वर्षांत त्या बिचाऱ्या इंजिनाला घाम म्हणून फुटला नव्हता. सगळी काजळी आतच साचली होती.

"चला खिंडीपर्यंत. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून. मी शेजारी बसते."

"लोक काय म्हणतील?"

"उद्या सोळा जण घरी बसले तर काय म्हणतील?"

चढावर बसने मागे असा काळा ढग सोडला की मेंढ्या खोकत पांगल्या. पहिले दोन मैल पाळकांनी प्रार्थना केली, तिसऱ्या मैलाला गाणं धरलं. खिंडीत पोचल्यावर म्हणाले, "अजून एक फेरी मारू या का?"

परतल्यावर एलुनेदने पुन्हा काच पुसली, दार उघडलं, यंत्र शून्यावर आणलं. पाळकांचे ओठ हलू लागले.

"प्रार्थना बाहेर जाऊन करा, मला आकडा वाचू द्या."

दोन पूर्णांक सात. पास.

दाखल्यावर सूचनांचा रकाना असतो. त्यात तिने लिहिलं, 'चालक फार सावकाश चालवतो.' पाळकांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बस अशी काही बाहेर काढली की रस्त्यापलीकडचे पाइपवाले भिंतीला चिकटले.