अर्जंट शिलाई मिळणार नाही

बबनमामा गेले त्या सकाळी त्यांच्या मुलाचा, सचिनचा फोन आला. आधी दोघंही रडलो. मग तो म्हणाला, "शालनताई, श्रद्धांजलीच्या बोर्डाला फोटो पायजे. तुझ्याकडचा गौरीबरोबरचा पाठव. आई म्हणती, तोच लावायचा." त्या फोटोत मामांना मिशी नाही...

सात रस्ता चौकाजवळच्या गल्लीत मामांचं टेलरिंगचं दुकान. मशीनच्या वर पाटी, त्यांच्याच अक्षरात: 'अर्जंट शिलाई मिळणार नाही.' लग्नघरच्या बायका ब्लाउजसाठी हातापाया पडल्या तरी मामा ढिम्म. घाईचा टाका उसवतो, हे त्यांचं ठरलेलं. दुसरा हट्ट मिशीचा. चांगली जाड, ओठावर उतरलेली. आजोबा वारले तेव्हा दहाव्याला डोकं भादरून घेतलं, पण मिशीला वस्तरा लावू दिला नाही. बापापेक्षा मिशी मोठी झाली म्हणून भावकी कितीतरी दिवस बोलत होती.

माझी गौरी जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. बघायला येणारी बाई आधी बाळाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि विचारायची, ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का? सासूबाई बाळाच्या तोंडावर दुपटं ओढायच्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन करू, सकाळी आणा, संध्याकाळी घरी न्या. ते ऐकून तर माझं धाबंच दणाणलं. एवढंसं लेकरू, त्याला भूल द्यायची, आणि त्याच दिवशी घरी? मी नकोच म्हणून बसले. मामा आमच्या गावी, कुंभारीला, घरी आले तेव्हा वाटलं, हे तरी माझ्या बाजूनं बोलतील. अर्जंट शिलाईचे वैरी ते!

मामांनी गौरीला मांडीवर घेतलं, दुपटं बाजूला केलं. ग्रहणाचं विचारलं नाही. मग दोन बोटांनी स्वतःची मिशी वर उचलली. खाली ओठाला खाच होती, नाकाकडे गेलेली.

"माझ्या आयला बी लोक हेच इचारत हुते," मामा म्हणाले. "मरंस्तवर इचारलं. पोरीला मिशी येत न्हाय, शाले. शिवून घे."

ऑपरेशनच्या दिवशी पहाटेपासून गौरीला दूध बंद. ती रडून हैराण, मी तिच्याहून जास्त. मामा दुकान बंद ठेवून आले होते, बाकावर हाताची घडी घालून बसले. दुपारी तिला बाहेर आणलं. भुलीतून उठली, दूध प्याली. डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं, जखमेची काळजी समजावून सांगितली, आणि दिवेलागणीला आम्ही रिक्षात बसलो सुद्धा. खड्डा आला की मामा रिक्षावाल्याला दटावत होते. घरी आल्यावर त्यांनी चष्मा लावून टाके निरखले आणि म्हणाले, "हाताला सफाई हाय." दुसऱ्याच्या शिलाईला मामांनी नावं ठेवली नाहीत, असं पहिल्यांदाच झालं.

गौरीच्या ओठावरची खूण फिकी झाली तेव्हा मामा एकदा आले, ते मिशी काढूनच. सासूबाईंनी चहा ठेवला. फोटो मी तेव्हा काढला. मामा, मांडीवर गौरी, दोघंही हसतायत. तुम्हीपण घ्या की शिवून, असं मी म्हटलं, तर म्हणाले, जुन्या कापडाला आता कशाला सुई. पण मिशी पुन्हा ठेवली नाही. मला मामांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते ह्याचं.

गौरी आता तिसरीत आहे. परवा तिला घेऊन दुकानात गेले, तर तो फोटो पाटीशेजारी लावलेला. भावकीतले एक काका बसले होते. ते मामींना म्हणाले, मिशीवालाच लावायचा की, ह्यात बबन वळखू येत न्हाय.

मामी पदरानं काच पुसत होत्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. एवढा संसार केला, पर मला बी ते तवाच पुरते दिसले."