खाडीसाठी सुटलेली विडी

पावसाळा माझा. बाकीचं वर्ष नवरा समुद्राचा, पण बोटी वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत तो घरात, माझ्या डोळ्यांसमोर. त्यात वाटेकरीण आली ती खाडीचा अभ्यास करणारी एक मॅडम. तिला आगरदांड्याच्या खाडीत फिरायला होडी हवी होती, आणि तीही नेमकी पावसातच. नवरा रोज तिला आपल्या होडीतून न्यायला लागला.

कारण काय, तर पावसात नदी डोंगरातला पाला, माती, सगळी घाण खाडीत आणते. ते कुजतं आणि पाण्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. थंडीत पाणी निवळलं की हे कमी होतं, कधी तर खाडीच हवेतला वायू ओढून घेते. मॅडम पाण्यावर टब पालथा तरंगत ठेवायची, आतली हवा नळीने यंत्रात जायची आणि तिथे आकडा चढायचा. हे सगळं मला नवऱ्याने जेवताना सांगितलं. एरवी "मीठ दे" पलीकडे न बोलणारा माणूस.

माझं पित्त खवळलं ते विडीवरून. मला दमा आहे. लग्न झाल्यापासून सांगतेय, विडी सोडा. शपथा घातल्या, देव पाण्यात ठेवले, हा ढिम्म. आणि मॅडम एकदाच म्हणाली, "दादा, धुरानं माझा आकडा चुकतो," तर बंडल घरी ठेवून जायला लागला. टबाजवळ श्वाससुद्धा जपून सोडायचा म्हणे. घरी आला की मात्र ओटीवर बसून दिवसभराची कसर भरून काढायचा. मॅडमवर राग होताच, पण जळले मी त्या खाडीवर. मेलीचा श्वास एवढा मोलाचा.

शेवटच्या दिवशी मॅडम जेवायला आली. यंत्र ओटीवर चालूच होतं. नवऱ्याने सवयीने विडी पेटवली आणि आकडा भराभर चढला. त्याने तो पाहिला, कुणी काही बोलायच्या आत उठला आणि छत्री घेऊन भर पावसात माडाखाली जाऊन उभा राहिला.

मी खोकत खोकत मॅडमला भात वाढला. म्हटलं, "बाई, तुमचं हे यंत्र इथंच ठेवून जावा."

ती हसली. "वहिनी, तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

"मला न्हाय, त्यांना पायजे," मी म्हटलं. "माझा खोकला त्यांना ऐकू येत न्हाय. आकडा दिसतो."