सरांचा वसंता

आमच्या कॉलेजच्या जुन्या मुलांचा मेळावा दर हिवाळ्यात पनवेलला, एका मित्राच्या आंब्याच्या बागेत भरायचा. आमच्यातला एक जण उरणकडून यायचा. तिकडच्या शाळेत मास्तर होता. आला की टोपी काढून आधी चुलीपाशी बसायचा आणि सगळ्यांचे मासे स्वतः तळायचा. बोलणं कमीच. भेटेल त्याला एवढंच विचारायचा, "बरा हायस ना?"

एका वर्षी आमचे म्हातारे सर आले. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. त्याचा हात धरून ते म्हणाले, "वसंता ना तू? अजून गातोस का?"

वसंता हा त्याचा होस्टेलमधला सोबती. नोकरीला लागला आणि वर्षभरात विषमज्वराने गेला. सरांना ते कुणी कळवलंच नव्हतं.

"हो सर," तो म्हणाला.

सरांनी आग्रह केला तेव्हा त्याने घोगऱ्या आवाजात एक भजन म्हटलं. सूर काही लागत नव्हता, पण सर मांडीवर ताल धरून हसत होते.

सर परत गेल्यावर मी त्याला विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"त्यांच्याकरता वसंता जिता हाय," तो म्हणाला. "मी कशाला मारू?"

मग तो विहिरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.