रक्षाच्या बाबाचे लोक कोन्या कंपनीत असतीन

मी कांता. राहाले नालवाडी, माहेर रोहणा. चौथी शिकली. एका बोटानं मोबाइलवर लिहून राह्यली, चुकलं तं समजून घ्या.

रक्षाच्या बाबाले जाऊन वर्ष झालं. त्याईचं नाव तानबा. वर्धेत ज्याच्या घरचा कुकर कधी बिघडला असन त्याले हे नाव माहीत असन. सायकलच्या मागं लाकडाची पेटी, तिच्यात रिंगा, शिट्ट्या, वॉल, हँडलचे स्क्रू. झाकन पाहून घर सांगत. "हे मास्तरीनबाईचं. इची डाळ रोज उतू जाते." एका कुकरची रिंग दुसऱ्या कुकरले कधी बसवली नाई. गिऱ्हाईक म्हने, बसवा ना जी, काम चालन. हे म्हनत, चालन पन वाफ जाइन.

अजून एक सवय होती. कोनाच्या बी घरी गेले का पहिले घरच्याईच्या कानाकडं पाहात. नवीन लग्न झालतं, मले वाटे हा मानूस लोकाईच्या बायकाईकडं काऊन पाहून राह्यला. एक दिवस इचारलंच. तं त्याईनं उजवा कान पुढं केला. कानाच्या समोर, गालाजवळ, सुई टोचल्यावानी बारीक छेद.

"हा जन्माचा हाय कांता. मायबापातून येते म्हनते. ज्याले असन तो माहा कोनीतरी."

त्याईले आपले मायबाप माहीतच नव्हते. तीन वर्साचे असतीन, वर्धा स्टेशनवर नळाजवळ सापडले. गाडी निंगून गेलती. माह्या सासूबाई, कौशल्याबाई, नळाच्या बाजूले संत्र्याची टोपली घेऊन बसत. विधवा, लेकरू नाई. पोलिसानं लिहून घेतलं, कोनी आलं नाई, तं सासूबाईनं पोरगं घरी आनलं. सहा महिने पोरगं बोललंच नाई. मंग बोललं तं आपलीच बोली बोललं. मंग कोठचं समजाचं? वर्धेतून कलकत्त्याची गाडी जाते, मद्रासची जाते, मुंबईची जाते, दिल्लीची जाते.

बाकीच्या बाया सासूबाईले म्हनत, गेटाजवळ बस वं, तिथं जास्त विकते. त्या उठल्या नाई. "पोराचं कोनी आलं तं याच नळाजवळ येइन." चौदा वर्सं तिथंच बसल्या.

हे गेले ते बी एका आंगनात, कुकर मांडीवर घेऊन. शिट्टी खोलता खोलता मान खाली गेली.

दहाव्याले पवनारले धाम नदीवर गेलतो. आमाले एकच पोरगी, रक्षा. म्हनून जवाईबुवा योगेंद्र बसले. पंचायत समितीत क्लर्क हायत, गरीब स्वभावाचे. महाराजानं इचारलं, गेलेल्याच्या बापाचं नाव? आजाचं? पनजाचं? जवाईबुवा माह्याकडं पाहे, मी नदीकडं.

"नसन माहीत तं देवाचे नावं घेऊ," महाराज म्हने. "गोत्र काश्यप म्हना. ज्याले माहीत नाई त्याचं काश्यपच."

मानूस चांगला हाय, त्याचा दोष नाई. पन ज्या मानसानं चाळीस वर्सं लोकाईचे कान पाह्यले, त्याले एका मिनिटात दुसऱ्या कुकरची रिंग बसवून दिली.

घरी येऊन मी जवाईबुवाले म्हनली, "वर्षश्राद्धापर्यंत मले तीन खरे नावं पाह्यजे."

ते म्हने, "आई, आता थुंकीवरून खानदान समजते. डीएनए. कंपन्या हायत."

मले वाटलं झालं काम. थुंकी द्याची, नावं घ्याचे. मी त्याईची कंगवी, टोपी सारं कागदात बांधून ठेवलतं, ते आनून देलं. जवाईबुवा म्हने हे चालत नाई, जित्या मानसाची थुंकी लागते. म्हंजे रक्षाची.

पन कंपनी कोनती? जवाईबुवानं मोबाइलवर तीन काढल्या. एक म्हने तुमच्यात कोन्या भागाचे किती टक्के लोक हायत ते सांगतो, नातेवाईक सांगत नाई. एक म्हने बापाची लाइन हजार हजार वर्सं मांगं नेतो, पन मानूसच पाह्यजे, बाई चालत नाई.

"काऊन? बाप तिचाच ना?"

"बापाची लाइन पोरातून जाते आई. पोरीत तो भाग येतच नाई."

"मंग तिच्या कानाजवळ छेद कसा आला?" रक्षाले बी हाय, उजवीकडंच.

"छेद वेगळा, लाइन वेगळी."

रक्षा म्हने, "तुमाले बी नाई समजलं अहो, सीधं सांगा ना."

तिसरी कंपनी परदेशातली. ज्याईनं ज्याईनं थुंकी देली त्याईची यादी ठेवते, तिच्यातल्या साऱ्या लोकाईशी जुळवून पाह्यते. कोन तुमचा कोन लागते ते दाखवते. पन यादीत सारे गोरेच जास्त. अन् जवाईबुवा म्हने, "आई, तुमची बी थुंकी देऊ."

"माही कायले? माहे लोक रोहण्याले हायत, जाऊन मोजून घ्या."

"रक्षात अर्ध्या तुमी, अर्धे बाबा. तुमच्याशी जुळनारे लोक वजा केले का उरते ते बाबाचे."

पस्तीस वर्सं संसार केला, अन् त्याईले पाहाचं तं मलेच बाजूले काढा लागते म्हने.

पहिल्या कंपनीचा नंबर रक्षानं लावून देला. पोरगी बोलली, यामिनी नाव तिचं, पुन्यासारखं बोले.

"गोत्र येते का जी रिपोर्टात?"

"नाही मॅडम, गोत्र येत नाही."

"आजाचं नाव?"

"नाव नाही येत मॅडम. तुमचा प्रदेश कळतो."

"तुमच्या यादीत कोनाच्या कानाजवळ छेद हाय का?"

पोरगी हासली. मंग हळू म्हने, "माझ्या मावशीला आहे."

"मावशी कोठची?"

"साताऱ्याची."

"तिचा भाऊ हरवलता का रेल्वेत?"

"नाही हो."

"इचारून पाहा एखाद्या वेळेस."

"बरं, विचारते," म्हने. इचारलं का नाई देव जाने.

तसे दोन महिने गेले. आज ही कंपनी वाटे, उद्या ते. जवाईबुवा हाफिसातून नवीन काही आयकून येत, अन् मी जास्तच गोंधळे. एकदा म्हने, बाबाच्या लोकाईनं थुंकलंच नसन तं कोन्याच कंपनीत भेटनार नाई. मी म्हनली, मंग त्याईनं कोन्या कंपनीत थुंकलं असन ते पहिले शोधा ना. जवाईबुवानं चष्मा काढून डोळे चोळले.

रक्षा रडाले लागली. "आई, आपन त्याईले कोठी कोठी शोधाचं?"

तिचं आयकून मले सासूबाई आठवल्या. त्या कोठी गेल्त्या शोधाले? टोपली घेऊन एका जागी बसल्या होत्या.

"जवाईबुवा," म्हनली मी, "कोनत्या कंपनीत आपलं नाव तसंच राह्यते? मांगून कोनी आला तं त्याले आपन दिसू, असं कोनतं?"

त्याईनं वाचून पाह्यलं. परदेशातली कंपनी. नवीन मानूस यादीत आला का आपल्याशी जुळवून पाह्यते, आपन नाव काढा म्हनत नाई तोवर.

"मंग तेच. तोच आपला नळ."

दोन डब्या आल्या. अर्धा घंटा काही खाचं प्याचं नाई. माही थुंकीची नळी भरेच ना. डोळ्याले पानी येत होतं, तोंडाले येत नव्हतं. माहिती लिहाची जागा होती तिथं मी सांगतलं अन् रक्षानं लिहिलं: वर्धा स्टेशन, नळाजवळ, पोरगं तीन वर्साचं, उजव्या कानासमोर छेद. जवाईबुवानं त्याचं इंग्रजी केलं.

रिपोर्ट अडीच महिन्यानं आला. देशाच्या नकाशावर मधातून खालपर्यंत रंग मारला होता. एवढ्या भागात तं वर्धेची हरेक गाडी जाते. मले वजा केल्यावर अकरा लोक उरले, सारे लय दूरचे. एक कॅनडात. एकाचा फोटो नाई, नावाची दोन अक्षरं. रक्षानं साऱ्याले इचारलं. एकानंच लिहिलं, का माह्या आजोबाचं गाव मले बी माहीत नाई, समजलं तं सांगजा.

मांगच्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. तीच नदी, तेच महाराज.

"बापाचं नाव?"

जवाईबुवानं माह्याकडं पाह्यलं. मी मांगून म्हनली, "कौशल्याबाई."

"बाई, बापाचं इचारून राह्यलो."

"तेच सांगून राह्यली."

"बरं. आजाचं? पनजाचं?"

"माहीत नाई जी," जवाईबुवा म्हने. "नाव टाकून ठेवलं हाय. वाट पाहून राह्यलो."

"मंग देवाचं घेऊ? गोत्र काश्यप?"

"नोका घेऊ," मी म्हनली. "जागा सोडा तेवढी."

महाराजानं हातातलं पानी तसंच धरून ठेवलं. मंग मंत्र म्हनत गेले अन् आजाच्या, पनजाच्या, गोत्राच्या ठिकानी चूप राह्यले. पिंड ठेवाची जागा दाखवाले महाराज खाली वाकले तवा त्याईचा उजवा कान माह्याकडं आला. मी बी पाह्यलं. छेद नव्हता.