उरलेले चार फॉर्म

सुक्या बोंबलांचा वास आला की मला ते फॉर्म आठवतात. नेरुळच्या कॉलेजात तेव्हा मी जखमेवरच्या एका मलमाबद्दल माझा पहिला शोधनिबंध लिहीत होते. शिरवण्याची एक आरोग्यसेविका रुग्णांच्या घरी जाऊन जखमा मोजायची आणि फॉर्म भरायची. सहा महिन्यांचे फॉर्म हातात आले, तर सगळे एकाच निळ्या पेनाने लिहिलेले, एकावरही सुरकुती नाही. बाईने घरी बसून भरलेत, अशी माझी खात्रीच झाली. मी तिला बोलावून घेतलं आणि बस म्हणालेही नाही. "आमच्या दवाखान्याच्या मोठ्या सायबांनी सांगितलं, स्वच्छ लिवून द्या. मूळचे कागद हे हायत," म्हणत तिने बाजाराची पिशवी टेबलावर रिकामी केली. चुरगळलेले, घामाने पुसट झालेले, बोंबलांचा वास लागलेले कागद. तरी माझा संशय जाईना. एकेक आकडा मी स्वच्छ फॉर्मांवरून केलेल्या माझ्या यादीशी ताडून पाहिला, सगळे जुळले. शेवटी चार फॉर्म उरले, ते यादीत नव्हतेच. "हे कुठून आले?" मी जवळजवळ आनंदानेच विचारलं. "तळवलीच्या म्हाताऱ्या हायत, मॅडम. त्यांच्या जखमा भरल्या नाय. तुमीच बोललात, यांचे कागद नको देऊ." बोलले होते खरी. आता लोकांचे लेख माझ्याकडे तपासायला येतात, तेव्हा किती रुग्ण गाळले हे मी सगळ्यात आधी विचारते. माझा लेख मात्र त्या चौघींशिवायच छापलेला आहे.