मातीला येऊ नका

माझ्या लग्नाच्या बैठकीत नवरदेवाचा पगार शून्य होता. आणि नवरदेव पायलट होता.

आज सकाळी ते गेले. वर्षभर कॅन्सरशी झुंजून, वाटूरच्या आमच्या घरी.

लोक म्हणतील, नवरा गेलाय आणि बाई कॉम्प्युटरसमोर बसलीय. म्हणू द्या. मला हे आजच लिहायचंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे तेव्हा को-पायलट होते. कंपनीनं नवा करार आणला, काम तेवढंच आणि पगार कमी. युनियन म्हणाली, कुणी सही करायची नाही. कंपनीनं मग सगळ्यांना घरी बसवलं. पगार बंद.

आणि नेमकी तेव्हाच आमची सुपारी फुटायची होती.

बैठकीत माझ्या बँकवाल्या काकांनी विचारलं, पगार किती?

"सध्या काहीच न्हाई. सही केली तर उद्या चालू होईल. पण मी करणार न्हाई."

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

काका गोड बोलणारे. "पाहुणे, करून टाका की सही. विमानाचा पगार कमी झाला तरी किती कमी होणार?"

आमच्या दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सुगी झाली की शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची. वावराला खत मिळतं, त्याच्या बदल्यात आपण ज्वारी घ्यायची. भाव सगळ्या मेंढपाळांनी मिळून ठरवलेला असतो. तो मोडून कुणी कमीत बसवली, तर त्याच्या घरचं कुणी पाणी पीत नाही.

हे काकांना एवढंच म्हणाले, "भाव मोडणाऱ्याला आपल्यात पोरगी देतेत का, काका?"

माझे वडील, अण्णा, उठून आतल्या खोलीत आले आणि मला म्हणाले, तुझं काय म्हणणं आहे? मुलीला विचारायची पद्धत आमच्यात नव्हती. पण अण्णांनी विचारलं, म्हणून मीही स्पष्ट सांगितलं. मी झेडपीच्या शाळेत शिकवत होते.

"अण्णा, माझा पगार हाय. घर बराबर चालंल. पण त्यांनी उद्या सही केली, तर मंग मला हे लग्न करायचं न्हाई."

सुपारी फुटली.

लग्नानंतर बरेच महिने हे घरीच. गावातली माणसं भेटायला यायची ती मयताच्या घरी येतात तशी, खाली मान घालून. एका आजीनं तर मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "इमान पाडलं का गं ह्यानं?"

मी हसून हसून बेजार.

मग एक दिवस कंपनीचे एक साहेब थेट वाटूरला आले. ऑफर भारी होती. तुम्ही सही करा, तुम्हाला कॅप्टन करतो, पगारही जुनाच ठेवतो, फक्त तुमच्या मागे बाकीचे येतील एवढं बघा.

यांनी साहेबांना पोटभर जेवू घातलं. माझ्या ठेच्यानं साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना हे म्हणाले, जेवण आवडलं असेल तर पुन्हा या, पण कागद घरी ठेवून या.

शेवटी करार कंपनीलाच मागे घ्यावा लागला. यांना परत घेतलं, पण राग काढलाच. यांच्या हाताखाली शिकलेली पोरं कॅप्टन झाली आणि हे को-पायलटच्या उजव्या सीटवरच. वर्षानुवर्षं. मला चीड यायची. अजून येते.

हे म्हणायचे, "उजवीकडून पण रनवे तेवढाच दिसतो."

खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या आल्या तेव्हा केस पिकले होते.

आता पुन्हा तेच. मंदी आहे म्हणे. नवा करार, कमी पगार, आणि सहीची मुदत आज संध्याकाळपर्यंत. युनियनची मीटिंगही आजच, मुंबईत. हे अंथरुणाला खिळले होते तरी एकेका पोराला फोन करत होते.

सकाळी बातमी गेली आणि लगेच सुनीलचा फोन आला. यांच्यानंतर युनियनचं सगळं तोच बघतो.

"वहिनी, आम्ही सगळे निघतोय. कंपनीनंच औरंगाबादच्या फ्लाइटमध्ये सीट दिल्यात. रजा पण दिलीय."

मी रडत होते. रडता रडता थांबले.

आजारपणात यांची रजा कापणाऱ्या कंपनीला आज एवढा पाझर कसा फुटला?

म्हणजे हे सगळे इकडे स्मशानात, तिकडे मीटिंगचा हॉल रिकामा, आणि मागे उरलेल्या एकेकट्या पोरापुढे कागद. एखादा जरी घाबरला असता, तरी बाकीचे टिकले नसते.

आमच्याकडे वैर असलं तरी मातीला जातात. मातीला न आलेल्या माणसाशी लोक जन्मभर बोलत नाहीत.

मी म्हणाले, "सुनील, मातीला येऊ नका. कुणीच येऊ नका. तिथंच बसा, सगळे एकमेकांजवळ बसा."

तो फोनवरच रडायला लागला. म्हणाला, लोक काय म्हणतील वहिनी? मी म्हणाले, लोकांचं मी बघते.

दुपारी माती झाली. भावकी होती, सगळा गाव होता, माझ्या शाळेतली माणसं होती. युनिफॉर्म एकही नव्हता.

शेजारच्या मावशींनी विचारलंच. "इतकी वर्सं इमान चालवलं, अन् एक दोस्त न्हाई आला मातीला?"

"त्यांचंच काम करून राह्यलेत ते, मावशी."

आत्ता फोन आला. मुदत संपली.

कॅप्टन, निवांत जा.
कुणीही सही केली नाही.